पहाटेच्या दुधाची तारीख

पाच वाजून सात मिनिटांनी पहिली पावती छापली गेली आणि तिच्यावर कालची तारीख होती. रांगेत किटली घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी ती दिव्याखाली धरून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. "भाऊ, ही कालची हाय." फॅट बरोबर, एसएनएफ बरोबर, लिटर बरोबर, दरही बरोबर. तारीख तेवढी एक दिवस मागे. पुढच्या तीस पावत्या तशाच निघाल्या. साडेपाच वाजले आणि कुणी काहीही न करता तारीख सुधारली.

गावच्या दूध संस्थेचं संगणकाचं काम मी 2006 पासून बघतो. आदल्या रात्री माझ्या भाचीनं संस्थेचा डेटाबेस, म्हणजे पोस्टग्रेस, जुन्या मशीनवरून उचलून नव्या मशीनवर डॉकरच्या कंटेनरमध्ये ठेवला होता. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीआधी आठ दिवस रजा काढून आली होती आणि हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. मी पहिल्यापासून नको म्हणत होतो.

"बघ," मी म्हणालो, "पहिल्याच सकाळी."

तिनं लॅपटॉप उघडला आणि डेटाबेसला त्याचा टाइमझोन विचारला. उत्तर आलं: यूटीसी. "मामा, कंटेनरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर आहे. आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. वेळेचा रकाना बरोबर आहे, कारण त्यात झोनचा हिशोब धरलेला असतो. पण पावतीवरची तारीख तुम्ही डेटाबेसच्या 'आज'वरून घेता."

"माझ्या मशीनवर असं एकदाही झालं नाही."

"कारण तिथं तुम्ही कधीतरी भारताची वेळ लावली होती. पोस्टग्रेस बसवताना त्यानं ती मशीनवरून उचलली आणि स्वतःच्या सेटिंगच्या फाईलमध्ये लिहून ठेवली. कधी लावलीत?"

मला आठवेना.

"कुठं लिहून ठेवलंय?"

कुठंच नव्हतं. माझ्याकडे जाड पुठ्ठ्याची एक डायरी आहे. तिच्यात पासवर्ड आहेत, प्रिंटरची केबल कुठली ते आहे, वीज गेली तर काय करायचं तेही आहे. पण मशीन भारताच्या वेळेवर असलं पाहिजे आणि का, हे नव्हतं. मला ती गोष्ट वाटलीच नव्हती. एकतीस नोंदींच्या तारखा तिनं सुधारल्या, सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता टाकलं आणि म्हणाली, "ही चूक कंटेनरची नाही. जुन्या मशीनला जे ठाऊक होतं आणि आपल्याला ठाऊक नव्हतं, ते आज बाहेर पडलं."

बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मला ते जास्त लागलं. इथून आमचा वाद सुरू झाला आणि तो चार दिवस चालला.

*

माझा पहिला आक्षेप साधा होता. डेटाबेस हा सगळ्यांत जपायचा कार्यक्रम. त्याला स्वतःचं मशीन द्यावं, त्या मशीनवर तो थेट बसवावा, मध्ये आणखी एक थर कशाला? कंटेनर म्हणजे संगणकाच्या आतला छोटा संगणक, असं मला वाटत होतं.

तिनं ते आधी खोडून काढलं. नव्या मशीनवर तिनं चालू प्रक्रियांची यादी काढली. तिच्यात पोस्टग्रेस सरळ दिसत होता, इतर कार्यक्रमांच्याच रांगेत, चार आकडी नंबर घेऊन. मग कंटेनरच्या आत जाऊन तीच यादी काढली. तिथं त्याच पोस्टग्रेसचा नंबर होता 1.

"आत दुसरा संगणक नाही, मामा. कर्नल एकच. त्या कार्यक्रमाला इतरांचं काही दिसू नये म्हणून लिनक्स त्याच्याभोवती आडोसा करतं, आणि त्यानं किती मेमरी, किती प्रोसेसर वापरायचा याला मर्यादा घालतं. मर्यादेचं हे काम गुगलच्या इंजिनिअरांनी 2006 मध्ये सुरू केलं आणि 2008 मध्ये ते लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं. डॉकर लोकांसमोर आलं 2013 मध्ये. त्यानं हे आडोसे कुणालाही एका आज्ञेत उभे करता येतील असं केलं, आणि आत काय काय लागतं त्याची इमेज बांधून द्यायची सोय केली. लिखाणाचा वेग तुम्हाला वाटतो तसा कमी होत नाही, फक्त डेटा इमेजच्या थरांत न ठेवता व्हॉल्यूममध्ये ठेवायचा. व्हॉल्यूम म्हणजे मशीनच्याच डिस्कवरचं फोल्डर."

"म्हणजे पोस्टग्रेस तोच, फक्त त्याला वाटतं की घरात तो एकटाच आहे."

"हो."

"मग तुला एक दाखवतो," मी म्हणालो.

हे मला फार वर्षांपासून माहीत होतं, पण कंटेनरच्या संदर्भात त्या दिवशी पहिल्यांदाच लक्षात आलं. पोस्टग्रेसची मुळं 1986 च्या बर्कली विद्यापीठातली, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातली. एका मशीनवर एका डेटा फोल्डरचा मालक एकच, हे त्याच्या कामाचं पहिलं गृहीत. सुरू होताना तो डेटा फोल्डरमध्ये एक छोटी फाईल टाकतो आणि तिच्यात आपला प्रक्रिया नंबर लिहितो. दुसरा पोस्टग्रेस त्याच फोल्डरवर आला की ती फाईल वाचतो, त्या नंबरची प्रक्रिया जिवंत आहे का ते बघतो आणि असेल तर मागं फिरतो. ही त्याची दाराची कडी.

तिच्या चाचणीच्या प्रतीवर मी तिला दोन कंटेनर एकाच व्हॉल्यूमवर सुरू करायला लावले. पहिला सुरू झाला. दुसऱ्यानं फाईल वाचली, तिच्यात नंबर होता 1. त्याचा स्वतःचाही नंबर 1. ही आपलीच जुनी, मागच्या वेळी राहून गेलेली फाईल, असं धरून तो आत शिरला. पहिल्याची शेअर्ड मेमरी जिवंत आहे का, हेदेखील तो तपासतो. पण आडोशापलीकडची मेमरी त्याला दिसतच नाही. मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो, आता दुरुस्ती करतो, असं त्यानं लॉगमध्ये लिहिलं आणि जोडणी घ्यायला तयार झाला. दोघंही तयार. एकात मी नोंद टाकली, ती दुसऱ्यात दिसेना. दोघं एकाच डिस्कवर, एकमेकांना न बघता लिहीत होते.

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग दोन्ही बंद केले, ती प्रत पुसली आणि वहीत लिहून घेतलं. "हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पाच वर्षं कंटेनर वापरतेय."

"कार्यक्रम कुणी, कधी, कुठलं गृहीत धरून लिहिला, हे माहीत असल्याशिवाय त्याला आडोशात घालू नये. माझं एवढंच म्हणणं आहे."

"आणि माझं म्हणणं, हे तुम्हाला माहीत आहे, मला आत्ता कळलं, आणि तुमच्यानंतर या खुर्चीत बसेल त्याला कळणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपल्या एका जुन्या नोकरीतली गोष्ट सांगत होती. संकलन संपल्यावर ऑफिसात शांतता असते, बाहेर कॅन धुण्याचा आवाज तेवढा येतो.

व्हॉल्यूम जोडताना तिच्या सहकाऱ्यानं रस्ता एक पायरी वर लिहिला होता. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये डेटा जिथं पडतो ते फोल्डर 'डेटा' नावाचं, आणि त्यानं जोडलं त्याच्या बाहेरचं. इमेजनं आपल्या बाजूनं 'डेटा' फोल्डरसाठी व्हॉल्यूम मागून ठेवलेला असतो. तो आपण दिला नाही तर डॉकर स्वतःच एक बिननावाचा व्हॉल्यूम करून तिथं लावतो. म्हणजे सगळं चालत होतं, महिनोन्महिने. नाव दिलेला व्हॉल्यूम रिकामा होता आणि डेटा बिननावाच्या व्हॉल्यूममध्ये साचत होता. एका संध्याकाळी देखभालीसाठी सगळं पूर्ण उतरवलं, परत चढवलं, आणि डॉकरनं नवा बिननावाचा व्हॉल्यूम केला. पोस्टग्रेसला फोल्डर रिकामं दिसलं, म्हणून त्यानं नवा कोरा डेटाबेस मांडला आणि सेवेला हजर झाला. कुठंही चूक म्हणून एक ओळ नाही.

"डेटा गेला?"

"नाही. कुणाच्याही मालकीचे नसलेले व्हॉल्यूम शोधायची आज्ञा असते. लांबलचक नंबर हेच नाव असलेले चौदा निघाले. एकेक जोडून बघत रात्री दोनला सापडला. पण मामा, जागा कमी पडतेय म्हणून त्याच दुपारी एकानं नको असलेले व्हॉल्यूम झाडायची आज्ञा लिहून ठेवली होती, फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. ती आज्ञा 2023 पासून फक्त बिननावाचेच व्हॉल्यूम पुसते. नाव असलेला रिकामा राहिला असता आणि आमचा गेला असता."

"आणि तरीही तू माझ्या सभासदांचं दूध त्याच डब्यात घालतेस."

"हो, कारण आता तो रस्ता मला झोपेतही चुकणार नाही. आणि ऐका, 2025 च्या सप्टेंबरात आलेल्या 18 व्या आवृत्तीपासून त्या इमेजनं जागाच बदलली. आता जोडायचं ते बाहेरचंच फोल्डर, आत आवृत्तीच्या नावानं वेगळा कप्पा होतो. माझ्या सहकाऱ्यानं लिहिलेली ओळ 17 मध्ये चूक होती, 18 मध्ये बरोबर आहे."

माझ्या मते तिच्या सगळ्या बोलण्यातली ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती तिच्या विरुद्ध जाते. तीच ओळ एका वर्षी घात करते आणि दुसऱ्या वर्षी राखते, तर ओळ पाठ करून भागत नाही. डेटा या क्षणी कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे डोळ्यांनी बघता आलं पाहिजे. मी तिला तेच म्हणालो. तिनं मशीनवर जाऊन व्हॉल्यूमची खरी जागा काढली, आतल्या फाईलींच्या वेळा दाखवल्या, मी एक नोंद टाकली, वेळ बदलली. मग मला चैन पडलं. बाहेर गेलो, चहा घेतला.

*

सेटिंगच्या बाबतीत आमचं जास्त जमलं, कारण तिथं दोघांनाही अनुभव होता आणि दोघांनीही मार खाल्ला होता.

कंटेनर ज्या कम्पोजच्या फाईलवरून सुरू होतो, तिच्यात मी दुपारी पासवर्ड बदलला, कंटेनर पुन्हा चालू केला, तरी जुनाच पासवर्ड चालत होता. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. ती म्हणाली, फाईलमधला पासवर्ड फक्त पहिल्या वेळी, डेटा फोल्डर रिकामं असताना वापरला जातो. सुरुवातीला चालवायच्या स्क्रिप्टही तशाच. एकदा डेटा आला की त्या ओळींकडे कुणी बघत नाही. पासवर्ड बदलायचा तर डेटाबेसमध्ये शिरून बदलायचा.

"मग फाईलवर जे लिहिलंय ते खरं नाही."

"त्या ओळीपुरतं नाही."

"आणि डेटाबेसच्या आतून कुणी एखादं सेटिंग कायमचं बदललं, तर ते जातं डेटा फोल्डरमध्ये. तुझ्या फाईलवर एक आकडा, चालतोय दुसराच."

"म्हणून महत्त्वाची सेटिंगं मी सुरू करण्याच्या आज्ञेतच लिहिते. आज्ञेतलं सेटिंग आतल्या फाईलींवर मात करतं. आतून कुणी बदललं तरी फाईलच खरी ठरते."

हे मला पटलं. जुन्या मशीनवर कुणी, केव्हा, काय बदललं हे शोधण्यात माझे कितीतरी रविवार गेलेत.

फरक बिलाची गोष्ट मात्र अशी सहज सुटली नाही. दर दहा दिवसांचं बिल हलकं असतं. पण दिवाळीच्या तोंडावर वर्षभराच्या दुधावर फरक काढायचा असतो: सभासद, लिटर, फॅट, मागचे दर, सगळं जोडून. जुन्या मशीनवर तो अहवाल दोन मिनिटांत निघायचा. इथं तो चाळीस सेकंद चालला आणि पडला. मेमरीचा तुकडा वाढवता आला नाही, जागा शिल्लक नाही, असा निरोप. डिस्कवर तीनशे जीबी मोकळे. मेमरी निम्मी मोकळी.

दोघं दीड तास त्यावर बसलो. शेवटी दोन अर्ध्या गोष्टी जुळल्या, एक माझ्याकडची, एक तिच्याकडची. मोठं काम असलं की पोस्टग्रेस ते दोन-तीन प्रक्रियांत वाटतो आणि त्या एकमेकींशी शेअर्ड मेमरीतून बोलतात. अशा कामासाठी मी पूर्वीच प्रत्येक प्रक्रियेची मेमरी 4 एमबीवरून 64 एमबीवर नेलेली होती, हे माझ्याकडचं. डॉकर प्रत्येक कंटेनरला ही सामायिक जागा देतं फक्त 64 एमबी, तुम्ही स्वतःहून मागितली नाही तर, हे तिच्याकडचं. तिनं तो आकडा 1 जीबी केला. अहवाल एक मिनिट पन्नास सेकंदांत निघाला. ती टाळी वाजवायच्या बेतात होती, पण मी आधी मागच्या वर्षीच्या फरकाशी दहा सभासदांचे आकडे ताडून पाहिले. जुळले.

बाकीची सेटिंगं भराभर झाली. कंटेनरला मर्यादा घातली तरी आतून बघणाऱ्याला सगळ्या मशीनची मेमरी दिसते, म्हणून पोस्टग्रेसची स्वतःची मेमरी मशीनवरून नव्हे, मर्यादेवरून ठरवली: मर्यादेचा साधारण चौथा हिस्सा. बंद करताना डॉकर दहा सेकंद थांबतं आणि मग मुळासकट मारतं. आमच्याकडे वीज गेली की यूपीएसवर पंधरा मिनिटं मिळतात, म्हणून थांबायची मुदत दोन मिनिटं केली. मारलं तरी पोस्टग्रेस आपल्या नोंदवहीवरून सावरतो, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. पण सावरता येतं म्हणून पाडू नये. पोर्टबद्दल मात्र मी तिच्यावर रागावलो. तिनं तो नेहमीच्या पद्धतीनं उघडला होता, म्हणजे मशीनच्या प्रत्येक जोडणीवर. मी मशीनवर फायरवॉल लावली होती आणि निर्धास्त होतो. डॉकर आपले नियम फायरवॉलच्या आधी घालतं. संस्थेच्या वायफायवर असलेल्या कुठल्याही मोबाईलवरून डेटाबेसचं दार ठोठावता येत होतं. मी माझ्याच फोनवरून ठोठावून दाखवलं. तिनं एक शब्द न बोलता ते फक्त त्याच मशीनपुरतं केलं.

*

तिसऱ्या दिवशी सभासदांची यादी छापायची होती. मी त्या यादीची वाट बघत होतो, कारण तिथं काय होणार याचा मला अंदाज होता.

इमेज दोन प्रकारच्या मिळतात. एक डेबियनवर बांधलेली, मोठी. दुसरी अल्पाइनवर, आकारानं बरीच लहान. तिनं लहान निवडली होती. यादी निघाली आणि क्षीरसागर आडनावाची सगळी घरं 'क' मध्ये, कोळी आणि कुंभारांच्या खाली जाऊन बसली. संस्थेच्या रजिस्टरमध्ये ती शेवटी असतात, वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ जिथं येतात तिथं. अल्पाइनची मूळ लायब्ररी भाषेप्रमाणे क्रम लावत नाही, अक्षरांच्या संकेतांकांच्या क्रमानं लावते. त्या क्रमात 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष. आणि ळ बसतो ल च्या लगेच नंतर, ह च्या पुढं नव्हे.

"यादीचा क्रम मी अहवालात दुरुस्त करते," ती म्हणाली.

"यादीची काळजी नाही. उद्या तू ही इमेज बदलून डेबियनची घेतलीस, तोच डेटा ठेवून, तर?"

तिनं विचार केला. तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना मी पाहिलं. नावावरचा इंडेक्स म्हणजे क्रमानं लावलेली यादी. तो एका लायब्ररीच्या क्रमानं रचलाय आणि वाचणारी लायब्ररी दुसरी, तर नाव टेबलात असूनही शोधताना सापडणार नाही. सापडलं नाही म्हणून तेच नाव दुसऱ्यांदा भरलं जाईल, जिथं दोनदा भरायला मनाई आहे तिथंसुद्धा. लिनक्सच्या नेहमीच्या लायब्ररीनं 2018 मध्ये आपले क्रमाचे नियम बदलले, तेव्हा कंटेनर न वापरणाऱ्यांनाही हे भोगावं लागलं. कंटेनरमध्ये तर इमेजच्या नावातला एकच शब्द बदलला की पुरे.

"तुम्ही याचीच वाट पाहत होता मामा, आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू वहीत लिहिलं असतंस. आता विसरणार नाहीस."

तिनं डेबियनची इमेज घेतली, डेटाबेस नव्यानं मांडला, क्रमासाठी आयसीयू नावाच्या वेगळ्या लायब्ररीचे मराठीचे नियम लावले. ते पोस्टग्रेसमध्ये 15 व्या आवृत्तीपासून पूर्ण डेटाबेसला लावता येतात आणि इमेजखालच्या मूळ लायब्ररीवर अवलंबून राहत नाहीत. आयसीयूची स्वतःची आवृत्ती बदलली तर पोस्टग्रेस निदान इशारा देतो. क्षीरसागरांची घरं परत शेवटी गेली. आवृत्तीच्या जागी तिनं 'लेटेस्ट' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. मोठी आवृत्ती बदलली की जुना डेटा नवा पोस्टग्रेस उघडतच नाही, आणि ते मला दिवाळीच्या आदल्या दिवशी कळायला नको होतं.

*

आता माझ्याबद्दल. चौथ्या दिवशी मी जिंकत होतो असं मला वाटत होतं. घड्याळ, कडी, क्रम, दार: चारही ठिकाणी आडोशामुळे काहीतरी नवं निघालं होतं. मी तिला म्हणालो, सोडून दे, जुन्या पद्धतीनं थेट बसवू.

तिनं विचारलं, "बॅकअप?"

"रोज रात्री अकराला. पेनड्राईव्हवर एक, सचिवांच्या घरी एक. एकही रात्र चुकली नाही."

"त्यातला एखादा परत चढवून बघितलाय?"

"बघितलाय."

"किती वेळा?"

इतक्या वर्षांत तीनदा. मी खरं ते सांगितलं. ती काही बोलली नाही. गिटलॅब या कंपनीची 2017 च्या जानेवारीतली गोष्ट तिनंच मला मागं सांगितली होती: रात्रीच्या वेळी चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर पुसलं गेलं, तीनशे जीबीमधले साडेचार उरले, आणि मग कळलं की रोजचे बॅकअप तयारच होत नव्हते, कारण बॅकअप घेणारा कार्यक्रम 9.2 आवृत्तीचा आणि डेटाबेस 9.6 चा. त्यांना वाचवलं ते सहा तास आधी योगायोगानं घेतलेल्या एका प्रतीनं. ती गोष्ट ऐकून मी मान हलवली होती आणि घरी जाऊन काहीच केलं नव्हतं. बॅकअप तपासायला दुसरं मशीन लागतं, त्यावर तीच आवृत्ती, तेच सेटिंग, अर्धा दिवस. तो अर्धा दिवस मला कधी मिळाला नाही.

त्या रात्री तिनं ते करून दाखवलं. अकरा वाजता बॅकअप झाला. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याच इमेजचा एक कोरा कंटेनर उभा राहिला, त्याच आवृत्तीचा, त्याच सेटिंगचा, व्हॉल्यूम वेगळा. त्यात तो बॅकअप चढला. मग चार आकडे काढले गेले: सभासद किती, आजच्या नोंदी किती, आजचं एकूण लिटर, दहा दिवसांच्या बिलाची एकूण रक्कम. चालू डेटाबेसशी ते ताडले, निकाल एका ओळीत फाईलमध्ये लिहिला, आणि कंटेनर व्हॉल्यूमसकट पुसला गेला. अकरा वाजून नऊ मिनिटं. उद्या परत होईल, परवा परत होईल, कुणी खुर्चीत असो वा नसो.

मी ती ओळ पुन्हा वाचली. लिटर दोन दशांशांपर्यंत जुळले होते. मला इतक्या वर्षांत जे तीनदा जमलं, ते चार मिनिटांत झालं होतं, आणि ते कंटेनरशिवाय झालं नसतं. उभं करायला आणि मोडायला स्वस्त, हा त्याचा गुण मी रोजच्या डेटाबेससाठी धोका मानत होतो, आणि अजून मानतो. पण तपासणीला तोच गुण लागतो.

"ठेव," मी म्हणालो. "पण लेटेस्ट नाही, आपोआप अपडेट नाही, आणि एका व्हॉल्यूमला एकच कंटेनर. तपासणीचा व्हॉल्यूम वेगळाच."

"लिहिते."

तिनं कम्पोजची फाईल उघडली. मी डायरी उघडली. ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारत होती, हे का, ते का, आणि माझं उत्तर त्या ओळीच्या वर मराठीत लिहीत होती. 64 एमबी का नाही, तर दिवाळीच्या फरकासाठी. दोन मिनिटं का, तर यूपीएससाठी. पोर्ट बंद का. इमेजच्या नावापुढं: 'ही बदलण्याआधी नावांचे इंडेक्स नव्यानं बांधावेत.' माझ्या डायरीतलं जे लागेल ते तिच्या फाईलीत गेलं, आणि डायरीत नसलेलंही बरंच गेलं. साडेबारा वाजले.

टाइमझोनच्या ओळीवर तिनं लिहिलं: 'सकाळचं संकलन पाचला सुरू होतं, म्हणून भारताची वेळ.'

"उन्हाळ्यात पावणेपाचला," मी म्हणालो. "तेही लिही."